मुलासाठी युरोपीय मुळाचं, भक्कम अर्थाचं नाव: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वसईच्या किंवा गोव्याच्या ख्रिस्ती घरात मुलगा होतो. आई मराठी आणि वडील जर्मन असलेल्या घरात होतो. नोकरीनिमित्त ॲम्स्टरडॅमला किंवा डब्लिनला राहिलेल्या जोडप्याला होतो. तिन्ही घरांत एकच चर्चा सुरू होते: नाव युरोपातलं हवं, अर्थ भक्कम हवा आणि आजीच्या तोंडी बसायला हवं. इथली उत्तरं अशा घरांसाठी आहेत. शंभर नावांची यादी देण्यापेक्षा नावाचं मूळ कसं ओळखायचं, अर्थ कितपत खरा मानायचा आणि नोंदणीत माणसं कुठे अडकतात, हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं.

युरोपीय मुळाचं नाव म्हणजे नक्की कोणतं?

युरोपात ऐकू येणारं प्रत्येक नाव युरोपात जन्मलेलं नसतं. जॉन, मायकल, डॅनियल, डेव्हिड, जोसेफ, जेकब ही सगळी हिब्रू नावं. बायबलाबरोबर ती युरोपभर गेली. थॉमस आरामाइक आहे, अर्थ 'जुळा'. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ आणि २०२२ साली मुलांच्या नावांत पहिला आलेला नोआ हाही हिब्रूच. ही नावं ठेवू नयेत असं मुळीच नाही, शेकडो वर्षं ती तिथे नांदली आहेत. पण मूळच युरोपातलं हवं असेल तर शोध वेगळ्या घराण्यांत घ्यावा लागतो: ग्रीक, लॅटिन, जर्मानिक (यात जर्मन, डच, जुनी इंग्रजी आणि स्कँडिनेव्हियन नावं येतात), स्लाव्ह (रशियन, पोलिश, चेक, सर्बियन वगैरे), केल्टिक (आयरिश, स्कॉटिश वगैरे) आणि बास्क (स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरची).

कधी रूपावरून फसगतही होते. लिअम हे आयर्लंडचं नाव म्हणून ओळखलं जातं, पण ते विल्यमच्या आयरिश रूपाचं लघुरूप आहे, म्हणजे मुळात जर्मानिक. उलट इवान कितीही रशियन वाटलं तरी ते जॉनचंच स्लाव्ह रूप, म्हणजे हिब्रू.

एडवर्ड, रिचर्ड, रॉबर्ट या नावांचा अर्थ कसा लावायचा?

ही जर्मानिक नावं दोन शब्द जोडून बनलेली आहेत, आपल्या समासासारखी. जोडायचे शब्द ठरावीक होते आणि ते पुन्हा पुन्हा येतात. 'रिक' म्हणजे सत्ता किंवा सत्ताधीश, 'हार्ड' म्हणजे कणखर, 'बेर्त' म्हणजे तेजस्वी, 'मुंड' म्हणजे संरक्षण, 'वुल्फ' म्हणजे लांडगा, 'गेर' म्हणजे भाला, 'सिग' म्हणजे विजय, 'फ्रिड' म्हणजे शांती, 'राड' म्हणजे सल्ला. एवढे शब्द लक्षात ठेवले की पन्नासेक नावं आपोआप उलगडतात. रिचर्ड म्हणजे सत्ता आणि कणखर. रॉबर्टमध्ये कीर्ती आणि तेज आहे. बर्नार्डमध्ये अस्वल, लेओनार्डमध्ये सिंह, आणि दोघांच्या शेपटाला तोच कणखरपणा. सिग्मुंडमध्ये विजय आणि संरक्षण.

मात्र या दोन पदांचं मिळून एक वाक्य करायचा मोह टाळा. जुन्या काळी आईच्या नावातलं एक पद आणि वडिलांच्या नावातलं एक पद घेऊन मुलाचं नाव बनवायची पद्धत होती. अकराव्या शतकातला इंग्लंडमधल्या वूस्टरचा बिशप संत वुल्फस्टन हे त्याचं ठसठशीत उदाहरण. वडील ॲथेलस्टन, आई वुल्फगिफू. आईकडून 'लांडगा' आला, वडिलांकडून 'दगड'. 'लांडग्याचा दगड' असा अर्थ त्या आईबापांच्या मनातही नसणार. त्यांना मुलात दोघांचा अंश हवा होता. म्हणून एखाद्या संकेतस्थळावर 'शांततेसाठी लढणारा तेजस्वी राजा' असा लांबलचक अर्थ दिसला तर तो कोणीतरी मागाहून शिवलेला आहे असं खुशाल समजा. पदं कोणती, एवढंच विचारा.

ही जुनी रीत आजही वापरता येईल, असं मला फार वाटतं. दोन्ही आजोबांच्या नावांतला एकेक अर्थ घ्यायचा आणि त्याच्या जवळ जाणारं नाव शोधायचं. एक आजोबा विजय आणि दुसरे रक्षित असतील तर सिग्मुंड नावात दोघेही येतात.

'भक्कम अर्थ' म्हणजे योद्धा, सिंह, तलवार असाच घ्यायचा का?

बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तेच येतं, आणि तशी नावं युरोपात हवी तेवढी आहेत. गेरहार्डमध्ये भाला आहे, गुन्नारमध्ये लढाई, हॅरल्डमध्ये सैन्य. पण याच जुन्या साठ्यात राखणाऱ्यांची, सल्ला देणाऱ्यांची आणि टिकून राहणाऱ्यांची नावंही तितकीच सापडतात. माझं मत विचाराल तर ती जास्त भक्कम आहेत.

एडवर्ड म्हणजे समृद्धी आणि राखणदार. एडमंडमध्ये समृद्धी आणि संरक्षण. रेमंडमध्ये सल्ला आणि संरक्षण, कॉनराडमध्ये धीट आणि सल्ला. कॉनराड मला विशेष आवडतं. वेळ आल्यावर खरं बोलायला न कचरणारा माणूस त्या दोन पदांतून उभा राहतो. फ्रेडरिकमध्ये शांती पहिली येते आणि सत्ता नंतर. विल्यममध्ये इच्छाशक्ती आहे आणि शिरस्त्राण आहे. शिरस्त्राण हे मारायचं हत्यार नाही, डोकं वाचवायची वस्तू आहे. ग्रीकांकडे अलेक्झांडर आहे, म्हणजे माणसांचं रक्षण करणारा. रोमनांकडे कॉन्स्टंटाइन, म्हणजे अढळ राहणारा, आपल्या ध्रुवाच्या जवळचा.

मुलगा मोठा होऊन भाला हातात घेणार नाही. तो डॉक्टर होईल, शेती करेल, बस चालवेल. 'माझ्या नावाचा अर्थ राखणदार' हे त्याला आयुष्यभर कुठेही, कुठल्याही वयात अभिमानाने सांगता येईल. म्हणून 'भक्कम' ठरवताना आधी घरात एकच गोष्ट बोलून घ्या: आपल्याला त्याच्यात कोणतं बळ हवंय? अंगातलं, मनातलं की दुसऱ्याला आधार देणारं? उत्तर मिळालं की यादी फार पटकन छोटी होते.

ग्रीक नावांत काय निवडण्यासारखं आहे?

पुष्कळ. अलेक्झांडर आपल्याला परका नाहीच. फारसीतून येताना त्याचा सिकंदर झाला आणि तो आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. आंद्रेआस (अँड्र्यू) म्हणजे पुरुषार्थ असलेला. त्यातला 'आनेर' आणि आपला 'नर' एकाच मुळाचे. निकोलस म्हणजे लोकांचा विजय. स्टीफन म्हणजे विजेत्याच्या डोक्यावरचं पानाफुलांचं कडं, अर्थात मुकुट. फिलिप म्हणजे घोड्यांवर जीव असणारा. थिओडोर म्हणजे देवाची देणगी.

आणि जॉर्ज. इंग्लंडच्या राजांमुळे हे नाव राजेशाही वाटतं, पण त्याचा ग्रीक अर्थ आहे जमीन कसणारा, शेतकरी. शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या मुलासाठी याहून नेमकं युरोपीय नाव मला सुचत नाही.

ग्रीसमध्ये थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव द्यायची रीत आजही पाळतात. त्यामुळे एकाच कुटुंबात एकाच नावाचे चुलतभाऊ तीन-तीन निघतात. आजोबांचं नाव नातवात पुढे चालवायची हौस आपल्याकडेही आहे, तेव्हा ग्रीक व्याह्यांनी तसा आग्रह धरला तर त्यामागचा जिव्हाळा ओळखू येईल.

लॅटिन नावं सगळीच जोरकस असतात का?

नाही, आणि इथे जरा जपून. व्हिक्टर म्हणजे विजेता, व्हिन्सेंट म्हणजे जिंकत जाणारा, मॅक्सिमिलियनमध्ये 'सर्वात मोठा', मार्कस आणि मार्टिनमध्ये युद्धदेव मार्स, व्हॅलेंटाइनमध्ये धडधाकट आणि बलवान. फेलिक्स म्हणजे भाग्यवान, सुखी. पण पॉल म्हणजे लहान. क्लॉड ज्या क्लॉडिअसवरून आलं त्यात 'लंगडा' हा शब्द आहे. सेसिलच्या मुळाशी 'आंधळा' आहे. रोमन लोक शरीरातल्या व्यंगावरून टोपणनाव पाडत आणि पुढे तेच कुळाचं नाव होऊन बसे. तसंच काहीसं स्कॉटलंडच्या कॅमेरॉनचं. गेलिक भाषेत त्याचा अर्थ वाकडं नाक.

तरीही पॉल हे दुबळं नाव कोण म्हणेल? ज्या प्रेषिताने ते धारण केलं त्याने त्याला वजन दिलं. शब्दाचा अर्थ आणि ते नाव मिरवलेली माणसं, दोन्ही पारड्यांत घालून बघा.

मॅग्नस हे नाव नॉर्वे-स्वीडनमध्ये इतकं दिसतं, पण ते तर लॅटिन ना?

बरोबर, मॅग्नस म्हणजे 'महान' आणि शब्द शुद्ध लॅटिन. ते उत्तरेला कसं पोहोचलं याची गोष्ट आइसलँडच्या स्नोर्री स्टुर्लुसनने तेराव्या शतकात लिहून ठेवली आहे. नॉर्वेचा राजा ओलाफ हॅरल्डसनला रात्री मुलगा झाला. बाळ अगदी अशक्त होतं, जगेल की नाही याची शाश्वती नव्हती. राजाला झोपेतून उठवायची कोणाची छाती होईना. बाप्तिस्म्याशिवाय बाळ जाऊ नये म्हणून राजकवी सिग्वात पुढे झाला आणि स्वतःच्या जबाबदारीवर त्याने नाव ठेवलं: मॅग्नस. सकाळी राजा संतापला, आमच्या घराण्यात हे नाव कुठून आलं म्हणून. सिग्वात म्हणाला, मला माहीत असलेल्या जगातल्या सर्वश्रेष्ठ माणसाचं नाव दिलं, सम्राट शार्लमेनचं, ज्याला कार्ला-मॅग्नुस म्हणतात. राजाचा राग निवळला. ते मरणाच्या दारातलं पोर पुढे मॅग्नस सज्जन म्हणून १०३५ ते १०४७ नॉर्वेचा राजा झालं आणि त्याच्यामागून उत्तरेच्या राजघराण्यांत मॅग्नस रुजलं.

स्कँडिनेव्हियातली मूळची नावं पाहायची तर ब्योर्न (अस्वल), सिगुर्ड (विजय आणि राखण), टॉर्स्टन (थॉर देवाचा दगड), लेफ (वारस) ही उच्चारायलाही सोपी आहेत.

स्लाव्ह नावांचे अर्थ खरंच इतके भारदस्त असतात?

असतात. 'स्लाव्ह' हे पद दिसलं की कीर्ती समजायची. बोलेस्लाव्ह म्हणजे अधिक कीर्ती, मिरोस्लाव्हमध्ये शांती आणि कीर्ती, यारोस्लाव्हमध्ये आवेश आणि कीर्ती. व्लादिमिरमध्ये 'सत्ता' पहिली आहे. दुसरं पद मुळात 'थोर' अशा अर्थाचं होतं, पुढे लोक त्यात 'मिर' म्हणजे शांती किंवा जग ऐकू लागले.

सर्बियात वुक हे नाव आहे, अर्थ लांडगा. सर्बियन भाषेला आजचं वळण देणारा वुक कराजिच १७८७ मध्ये जन्मला, तेव्हा आधीची भावंडं दगावली होती. चेटकिणी लांडग्याला खात नाहीत, या समजुतीने त्याचं नाव वुक ठेवलं. हे वाचून मराठी माणसाला लगेच धोंडू, दगडू, केरबा आठवतील. मूल वाचावं म्हणून दृष्ट न लागणारं नाव द्यायचं, ही कळकळ दोन्हीकडे सारखी. दगडूवरून आठवलं: पीटर म्हणजे ग्रीकमध्ये खडकच.

या नावांचं संस्कृतशी काही नातं आहे का, की नुसता योगायोग?

काही ठिकाणी नातं पक्कं आहे. ग्रीक, स्लाव्ह, जर्मानिक आणि संस्कृत या एकाच कुळातल्या भाषा, आणि दोन पदांची नावं बनवायची सवय या सगळ्यांत सापडते. स्लाव्ह 'स्लावा', ग्रीक 'क्लेओस' (पेरिक्लीस, सोफोक्लीस, हेराक्लीस यांच्या शेवटी असलेलं) आणि संस्कृत 'श्रवस्' हे सख्खे शब्द आहेत. होमर न आटणाऱ्या कीर्तीला 'क्लेओस आफ्थितोन' म्हणतो, ऋग्वेदात 'अक्षित श्रव' येतं. शब्दाला शब्द जुळतो. पोलंड-सर्बियातलं बोगदान म्हणजे देवाने दिलेला: 'बोग' आपल्या 'भग'च्या नात्यातला, 'दान' तर ओळखीचंच. म्हणजे बोगदान, थिओडोर आणि देवदत्त एकाच विचाराची तीन नावं. दोन देशांत घर असलेल्या मुलाला हे सांगण्यासारखं आहे.

पण ध्वनी जुळला म्हणून नातं जुळवू नका. आयर्लंडचा नील आणि आपला निळ्या रंगाचा नील यांचा काही संबंध नाही. आयरिश नावाचा अर्थ 'ढग' की 'वीर' यावर अभ्यासकांत वाद आहे. दोन्ही भाषांत चालतं हा त्याचा गुण, तेवढा घ्यावा. चेक आणि सर्बियन लोकांचा मिलन म्हणजे प्रिय, लाडका; आपलं मिलन वेगळ्या वाटेने आलं. दोन्ही अर्थ गोड आहेत आणि पासपोर्टवर स्पेलिंगही एकच.

गोव्यात आणि वसईत चालत आलेल्या पोर्तुगीज नावांची मुळं कुठली?

हा प्रश्न मला सर्वात जवळचा आहे, कारण इथे युरोपीय नाव बाहेरून आणायचं नसतं, ते आधीच घरात असतं. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती घेतली. सत्ता गेली, पण नावं राहिली, आणि ती बोलणाऱ्यांची भाषा मराठीच राहिली.

रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा मुलगा, फर्नांडिस म्हणजे फर्नांदोचा, गोन्सालविस म्हणजे गोन्सालोचा, हेन्रिक्स म्हणजे हेन्रिकचा. ही बापाची नावं पोर्तुगीज वाटली तरी त्यांची मुळं जर्मानिक आहेत. त्यातली बहुतेक पाचव्या शतकापासून आयबेरियात (आजच्या स्पेन-पोर्तुगालात) राज्य केलेल्या गॉथ या जर्मानिक लोकांनी तिथे नेली. रॉद्रिगोमध्ये कीर्ती आणि सत्ता, फर्नांदोच्या दुसऱ्या पदात धाडस, गोन्सालोच्या पहिल्यात लढाई. अफोन्सोच्या शेवटी 'सज्ज' हा शब्द आहे. हेच अफोन्सो, म्हणजे अल्फान्सो, आपल्या हापूसमध्ये दडलंय. १५१० मध्ये गोवा घेणाऱ्या अफोन्सो द आल्बुकर्कच्या नावावरून आंब्याला ते मिळालं असं मानतात. तेव्हा आडनाव रॉड्रिग्ज असेल तर मुलाचं नाव रॉद्रिगो ठेवण्यात घराण्याचा मूळपुरुष परत आणल्यासारखं होईल.

झेवियर मात्र या सगळ्यांहून निराळं. संत फ्रान्सिस झेवियर १५०६ मध्ये आजच्या उत्तर स्पेनमधल्या नवारात, हाविएर गढीत जन्मले. गावाचं नाव बास्क भाषेतल्या 'एचे बेरी'वरून आलं, म्हणजे नवं घर. बास्क भाषा युरोपातल्या दुसऱ्या कुठल्याच भाषेची नातलग नाही. १५४२ मध्ये ते गोव्यात आले, १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळ वारले, आणि त्यांचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूस बासिलिकेत आहे. गावाचं नाव संताचं झालं आणि संताचं नाव मुलांचं. अर्थ तलवारीचा नाही, घराचा आहे, आणि मला तो फार भक्कम वाटतो.

कॅथलिक बाप्तिस्म्यासाठी युरोपीय किंवा संताचंच नाव लागतं का?

नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतला ८५५ वा नियम एवढंच सांगतो की नाव ख्रिस्ती भावनेला परकं नसावं. विजय, आनंद, प्रकाश अशी नावं आज चर्चच्या वहीत सर्रास दिसतात. प्रोटेस्टंटांत तर रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नाव तेच ठेवलं. युरोपीय नाव आवडीने ठेवा, सक्ती समजून नको.

मराठी घरात उच्चार कसा निभावणार?

नाव ज्या भाषेतलं त्या भाषेत ते कसं बोलतात, ते आधी ऐका. जर्मनमध्ये योहानेस, इंग्रजी वळणाने जोहानीस नव्हे. फ्रेंचमध्ये व्हिन्सेंटचा व्हँसाँ होतो. स्पॅनिशमध्ये झेवियरचा हाविएर. पोलंडचं वॉइचेख रोमन लिपीत वाचून कोणालाच जमत नाही, पण देवनागरीत लिहून दिलं की आजोबा पहिल्या दिवशी बिनचूक म्हणतात. देवनागरीचा हा मोठा फायदा आहे. नाव ठरलं की देवनागरी रूपही त्याच दिवशी ठरवून सगळ्या नातेवाइकांना एकच कळवा. नाहीतर व्हिक्टर, विक्टर आणि विक्टोर तिन्ही चालू होतात.

हाक मारून बघा. लांबून, जिन्याखालून. मराठीत हाक शेवटचा स्वर ओढते. मार्को, हुगो, लेओ, आंद्रे अशी स्वरान्त नावं ओढायला सोपी जातात. कर्ट, ऑगस्ट अशी जोडाक्षरावर तुटणारी नावं घरात हमखास मोडतात आणि त्यांचं लघुरूप होतं.

मराठीत विचित्र वाटणारी नावं कोणती?

स्वीडनमध्ये दाग हे प्रतिष्ठित नाव आहे, अर्थ दिवस. संयुक्त राष्ट्रांचे १९५३ ते १९६१ या काळातले सरचिटणीस दाग हामरशोल्ड याच नावाचे. मराठी घरात मात्र तो डागच ऐकू येणार. जर्मन ओले (ओलाफचं लघुरूप) ओल्या कपड्यांची आठवण देतो आणि ऊवे उच्चारला की शाळेतली पोरं केसांतल्या उवांवर जाणार. उलट काही नावं मराठीत जास्त खुलतात. पावेल हे पॉलचंच स्लाव्ह रूप, पण 'देव पावेल' म्हणणाऱ्या घरात त्याला वेगळीच ऊब येते.

अर्थ चांगला, पण नावाला डाग लागलाय, असं होतं का?

हो. ॲडॉल्फ म्हणजे कुलीन लांडगा. पदं उत्तम, पण विसाव्या शतकानंतर हे नाव कोणाही मुलावर लादू नये. केव्हिनचं दुखणं हलकं आहे पण खरं आहे. आयरिश भाषेत अर्थ 'देखण्या जन्माचा', ग्लेंडालॉकच्या संताचं नाव. जर्मनीत १९९० च्या आसपास ते एकदम फोफावलं आणि मग त्याला हिणवलं जाऊ लागलं. २००९ मध्ये ओल्डेनबुर्ग विद्यापीठातल्या एका अभ्यासात काही शिक्षकांचे केव्हिन नावाच्या मुलांबद्दलचे पूर्वग्रह समोर आले. आयर्लंडमध्ये तेच नाव पूर्ण साधं आणि सन्मानाचं आहे. म्हणून मूल ज्या देशात शाळेत जाणार, तिथल्या दोन-तीन ओळखीच्या माणसांना नाव ऐकवून बघा. आणि त्यांचं तोंड वाकडं झालं तर मनावर घ्या.

परदेशात जन्म झाला तर नावाची नोंद कधीपर्यंत करावी लागते?

इथे बारशाची पंचाईत होते. नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद तीन दिवसांत नावासकट करायची असते, फ्रान्समध्ये पाच दिवसांत. म्हणजे बाराव्या दिवसाच्या आधीच नाव कागदावर. जर्मनीत जन्म आठवड्यात कळवायचा, नावाला महिनाभराची सवड असते. इंग्लंडमध्ये ४२ दिवस, स्वीडनमध्ये तीन महिने, आइसलँडमध्ये सहा महिने. भारतात जन्म २१ दिवसांत नोंदवायचा, पण नावाची जागा रिकामी ठेवता येते. बारा महिन्यांत ते विनाशुल्क भरता येतं, त्यानंतर शुल्क देऊन.

तेव्हा नेदरलँड्स किंवा फ्रान्समध्ये असाल तर नाव सातव्या-आठव्या महिन्यातच पक्कं करा आणि बारसं हौसेने नंतर करा. पाळण्यात कानात सांगायचं नाव तेच, तारीख फक्त वेगळी. आई-वडील भारतीय नागरिक असतील आणि मुलालाही भारतीय ठेवायचं असेल तर भारतीय दूतावासात एका वर्षाच्या आत जन्म नोंदवावा. तिथलं स्पेलिंग स्थानिक दाखल्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे.

हवं ते नाव ठेवू देतात का?

देशागणिक फरक आहे. फ्रान्समध्ये १८०३ च्या कायद्याने नावं संतांच्या दिनदर्शिकेतून आणि प्राचीन इतिहासातून घ्यावी लागत. १९९३ मध्ये पालकांना मोकळीक मिळाली, मुलाचं अहित होईल असं वाटलं तरच अधिकारी हरकत घेतात. डेन्मार्क आणि पोर्तुगालमध्ये मंजूर नावांच्या याद्या आहेत. आइसलँडमध्ये १९९१ पासून समिती आहे. यादीबाहेरचं नाव आइसलँडिक भाषेच्या विभक्तींत बसतं का, ते ती पाहते.

जर्मनीतली एक गोष्ट आपल्या माणसांनी लक्षात ठेवावी अशी आहे. एका जोडप्याला मुलीचं नाव किरण ठेवायचं होतं. नावावरून मुलगा की मुलगी ते कळत नाही म्हणून नोंदणी अडली. प्रकरण घटनात्मक न्यायालयापर्यंत गेलं आणि ५ डिसेंबर २००८ च्या निकालात न्यायालयाने पालकांच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे किरण दोघांचंही असतं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. पण त्या निकालामुळे आज तिथे भारतीय नाव घेऊन कार्यालयात जाणाऱ्याची वाट सोपी झाली आहे.

वडिलांचं नाव मधे लावायचं का?

आपल्याला ती सवय आहे, युरोपातल्या अर्जांत मात्र ते मुलाचं दुसरं नाव म्हणून जातं. त्यात वावगं काही नाही. रशियात वडिलांचं नाव मधे येतंच, आइसलँडमध्ये तर ते आडनावाच्या जागी बसतं. एक सुचवतो: पहिलं नाव युरोपीय असेल तर मधलं मराठी ठेवा, म्हणजे कॉनराड विजय, लेओ श्रीरंग. मोठेपणी कोणतं पुढे करायचं ते मुलगा ठरवेल.

संकेतस्थळांवरचे अर्थ कसे पडताळायचे?

तीन गोष्टी बघा. मूळ भाषेचं नाव दिलंय का, की नुसतं 'युरोपीय' म्हटलंय. नावाचे तुकडे वेगळे करून दाखवलेत का. आणि वाद असेल तर तो कबूल केलाय का. ऑलिव्हर, आर्थर यांच्या मुळांवर अभ्यासकांचं एकमत नाही, तरी बहुतेक याद्या एकच अर्थ ठोकून देतात. प्रत्येक नावापुढे 'शूर', 'राजा' किंवा 'देवाची भेट' लिहिलेली यादी सरळ बाजूला ठेवा. त्या त्या भाषेचे नामकोश विद्यापीठांनी काढलेले आहेत, त्यात एकदा डोकावणं पाळण्याच्या खरेदीइतकंच गरजेचं आहे.

लांब नाव ठेवावं की छोटं?

दाखल्यावर लांब, हाकेला छोटं, हे मला पटतं. मॅक्सिमिलियनचा मॅक्स होतो, अलेक्झांडरचा रशियात साशा, कॉनराडचा जर्मनीत कर्ट, फ्रेडरिकचा फ्रिट्स. मूळ लांब नावात अर्थ शाबूत राहतो. नुसतं मॅक्स नोंदवलं तरी चालतं, पण मग मोठेपणी त्याला निवड उरत नाही.

नंतर पसंत पडलं नाही तर नाव बदलता येईल?

महाराष्ट्रात राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन बदलता येतं आणि हजारो लोक तसं करतात. जर्मनीत मात्र त्यासाठी सबळ कारण द्यावं लागतं; नुसतं आवडत नाही, हे कारण पुरत नाही. इंग्लंडमध्ये 'डीड पोल' नावाच्या दस्ताने ते बरंच सोपं आहे. दोन्ही देशांचे कागद असतील तर आधी जन्म झालेल्या देशात बदल करा, मग भारतीय पासपोर्टसाठी त्याच आदेशाची प्रत जोडा.